वेदीवरची केरसुणी

आमच्या कॉलेजात एक समान संधी समिती होती आणि मी तिची चिटणीस होते. माझ्या बायोडेटात ही ओळ अजूनही आहे. मला कुठे पाहुणी म्हणून बोलावलं की ओळख करून देणारा ती आवर्जून वाचतो आणि समोरचे लोक मान डोलावतात. ती खोडावी असं मला कितीदा वाटलं. पण खोडली तर कोणीतरी का म्हणून विचारेल, आणि मग एका मुलीबद्दल बोलावं लागेल. म्हणून ती ओळ तशीच राहिली आहे.

नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. बंगलोरमधल्या एका जुन्या कॅथलिक कॉलेजात मी गणित शिकवत होते. शिकवत होते म्हणजे टिकून होते. दर जूनमध्ये मला एका वर्षाचं नेमणूकपत्र मिळायचं आणि एप्रिल उजाडला की मी ऑफिसात चकरा मारू लागायचे. चार वर्षं हाच खेळ. माझ्यानंतर लागलेले दोघं बघता बघता कायम झाले. दोघंही रविवारी चर्चमध्ये जाणारे. मला कोणी वाईट वागवलं असं मात्र म्हणता येणार नाही. ख्रिसमसला केक मिळायचा, आजारी पडले तर ऑफिसातून फोन यायचा. पण मी स्टाफरूममध्ये शिरले की चाललेला विनोद जरा आवरता घेतला जायचा, आणि नंतर कोणीतरी अतिशय प्रेमाने मला हवापाण्याबद्दल विचारायचं. चार वर्षं माझ्याशी लोक हवापाण्याबद्दल बोलत होते.

आमचं घर जयनगरला. वडिलांचे पणजोबा कापडाची गाठोडी घेऊन या गावात आले ते इथलेच झाले. घरात मराठी, दुकानात कानडी. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो, आणि ‘स्वल्प थांब’ म्हणताना आपण दोन भाषा एकत्र बोलतोय हे आमच्या गावीही नसायचं. पुण्याचे पाहुणे आमचं मराठी ऐकून तोंड दाबून हसत, आणि इथल्या शेजाऱ्यांच्या लेखी आम्ही जन्मभर मराठीच. आपण नेमकं कुठल्या पंगतीला बसायचं हा प्रश्न मला लहानपणापासून पडलेला होता. कॉलेजात तर तो रोजच पडायचा. कोणीतरी ‘ये, इथे बस’ म्हणावं म्हणून मी किती आसुसले होते, ते आज लिहितानाही लाज वाटते.

तसं म्हणणारे निघाले ते फादर. हे आमचे उपप्राचार्य, चाळिशीचे, परदेशात शिकून आलेले, अंगात खादीचा झब्बा, पायात झिजलेल्या चपला. त्यांना ढोंगी म्हणता आलं असतं तर ही गोष्ट सांगणं फार सोपं झालं असतं. पण ते ढोंगी नव्हते. त्यांना खरोखरच गरिबांची मुलं वर्गात बसलेली पाहायची होती. कॉलेजला विद्यापीठाचा दर्जा हवा होता, त्यासाठी बाहेरून पाहणीला माणसं येणार होती, आणि ती माणसं ‘तुम्ही वंचितांसाठी काय करता’ हे विचारणार होती. फादरची तळमळ आणि कॉलेजची गरज यांची गाठ पडली आणि समिती जन्माला आली.

चिटणीस कोण, यावर बरेच दिवस घोडं अडलं होतं. कॉलेजातल्या ख्रिस्ती मंडळींत कोकणी, तमिळ आणि कानडी असे तीन तट होते आणि एका तटाचा माणूस दुसऱ्याला चालत नसे. मग फादरनी मला बोलावलं.

‘‘तुम्ही यांच्यापैकी कोणाच्याच नाही,’’ ते म्हणाले, ‘‘म्हणजे सगळ्यांच्या आहात.’’

मी ते कौतुक समजून घरी आले.

त्या जूनमध्ये समितीने बारा मुलं घेतली. सगळी कानडी माध्यमाच्या सरकारी शाळांतली, ज्यांच्या घरात कॉलेज म्हणून कोणी पाहिलं नव्हतं. प्रत्येकाचा फॉर्म मी समोर बसवून भरून घेतला. त्यात आईवडिलांचा व्यवसाय असा एक रकाना होता. अकरा जणांनी तो भरला. बाराव्या मुलीने रिकामा ठेवला.

तेल लावून घट्ट घातलेली एक वेणी, धुऊन धुऊन विटलेला पण कडक इस्त्रीचा चुडीदार. तिला वडील नव्हते. गणितात तिला पूर्ण गुण होते, आणि मी ते दोनदा पाहिले, कारण त्या शाळेतून तसे गुण कोणाला मिळत नाहीत.

‘‘आई काय करते?’’ मी कानडीत विचारलं.

‘‘हे कोण कोण वाचणार, मॅडम?’’

‘‘मी. मग कपाटात जाईल. किल्ली माझ्याकडे.’’

तिने थोडा विचार केला. ‘‘शाळेत सगळ्यांना माहीत होतं,’’ ती म्हणाली. ‘‘दहा वर्षं माहीत होतं. इथे कोणालाच माहीत नाही. इथे मी नुसती मी आहे.’’

‘‘कोणाला कळणार नाही,’’ मी म्हणाले. ‘‘शब्द देते.’’

तेव्हा तिने लिहिलं, की आई कॉर्पोरेशनचे रस्ते झाडते. अक्षर सुरेख होतं. मी तिच्यादेखत फॉर्म कपाटात ठेवला आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

ती कॅथलिक होती, आजोबांच्या वेळेपासून. म्हणजे त्या कॉलेजवर माझ्यापेक्षा तिचाच हक्क जास्त. पण आजोबांनी देव बदलला तरी वस्ती बदलली नाही आणि झाडूही बदलला नाही. सरकारी कागदावर ख्रिस्ती लिहिलं असल्यामुळे दलितांची सवलत तिला लागू नव्हती, आणि दलित असल्यामुळे ख्रिस्त्यांत तिला कोणी धरत नव्हतं. मला कुठली पंगत ते ठरवता येत नव्हतं. तिला दोन्ही पंगतींनी उठवलं होतं. हा फरक मला तेव्हा कळला नाही. मी आपली तिच्यात स्वतःला पाहत होते आणि त्यात मला बरं वाटत होतं.

पहिल्या चाचणीत ती वर्गात पहिली आली. इंग्रजी तिला जड जायचं, म्हणून तास संपल्यावर मी तिला थांबवून घेई. आम्ही कँटीनमध्ये समोरासमोर बसून इडली खायचो, आणि ती पेपर नॅपकिनवर गणितं सोडवायची. एकदा अशाच बोलता बोलता तिने मला मिस्सा म्हणजे काय ते समजावून सांगितलं. चार वर्षं त्या आवारात काढून मला ते ठाऊक नव्हतं. त्यांची ही मुख्य उपासना असते, आणि तिच्या मध्यावर काही माणसं चर्चच्या मागच्या दारापासून वेदीपर्यंत सगळ्यांच्या मधून चालत जातात आणि भाकर नि द्राक्षारस फादरच्या हातात देतात. याला अर्पण म्हणतात.

‘‘आमच्या चर्चमध्ये ते पुढच्या बाकांवरचे लोक नेतात,’’ ती म्हणाली.

‘‘तसा नियम आहे?’’

‘‘नियम नाही, मॅडम. यादी असते. आणि यादी करणारे पुढच्या बाकांवर बसतात.’’

मी हसले. तीही हसली. मग म्हणाली, लहानपणी ती घरी अर्पणाचा खेळ खेळायची. स्टीलच्या ताटलीत बिस्किट ठेवून दारापासून भिंतीपर्यंत हळूहळू चालत जायची, आणि आई खाटेवर बसून फादर व्हायची. आई तिच्या हातून ताटली घ्यायची आणि डोक्याला लावायची. ‘‘एकदा तरी खरी ताटली न्यायची आहे,’’ ती म्हणाली आणि पुन्हा गणिताकडे वळली.

जानेवारीत कॉलेजच्या आश्रयदात्या संताचा सण होता आणि पाहणीची माणसंही त्याच दिवसांत येणार होती. फादरनी ठरवलं की सणाच्या मिस्सेत समितीच्या बारा मुलांनी अर्पण न्यायचं. त्यांनी मला बोलावून बारा जणांची यादी मागितली. नाव, गाव आणि आईवडिलांचा व्यवसाय.

‘‘व्यवसाय कशाला, फादर?’’

‘‘आहे एक कल्पना,’’ ते म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. त्याच टेबलावर स्टाफच्या कायम नेमणुकांची फाइल उघडी पडलेली होती, आणि तिकडे बघत ते म्हणाले, ‘‘यंदा तुमचंही बघायला हवं. आता तुम्ही आमच्यातल्याच.’’

हे वाक्य मी चार वर्षं ऐकायला थांबले होते. मी केबिनमधून निघाले, कपाट उघडलं, बारा फॉर्म काढले आणि टाइपरायटरवर यादी केली. बाराव्या फॉर्मपाशी माझी बोटं थांबली नाहीत. थांबली असती तर निदान आज सांगायला काही असतं. फादर म्हणजे काही परका माणूस नव्हे, असं मी मनाशी म्हटलं. लोक त्यांच्यापाशी पापं कबूल करतात, ते कोणाला सांगतात का? आपली सोय बघायची असली की माणसाला दुसऱ्याच्या धर्मातलंही बरंच काही आठवतं.

दुसऱ्या दिवशी फादरनी मुलांना सांगितलं, की सणाचं अर्पण तुम्ही न्यायचं आहे. ती धावत माझ्याकडे आली. त्या मुलीला धावताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

‘‘मॅडम, फादरना सांगा ना, ताटली मला द्या. फक्त ताटली. दुसरं काही नको.’’

‘‘सांगते की,’’ मी म्हणाले.

आणि मी गेलेही. फादरच्या टेबलावर माझी यादी पसरलेली होती आणि प्रत्येक नावापुढे त्यांनी लाल शाईने एकेक वस्तू लिहिली होती. चांभाराच्या मुलापुढे आरी. हमालाच्या मुलापुढे दोर. विटा वाहणाऱ्या बाईच्या मुलीपुढे घमेलं. बाराव्या नावापुढे झाडू.

‘‘आपण नेहमी भाकर आणि द्राक्षारस अर्पण करतो,’’ फादर सांगू लागले, ‘‘पण भाकर येते कुठून? श्रमातून. या देशाने ज्या श्रमाला घाण म्हटलं, तोच आपण वेदीवर ठेवणार आहोत. सगळ्यांच्या समोर. येणाऱ्या लोकांनाही कळेल की आपण बोलत नाही, करतो.’’ मग त्यांनी सांगितलं की भाकरीची ताटली आणि द्राक्षारस देणगीदार कुटुंबातल्या दोन मुली नेतील, ते आधीच ठरलेलं आहे, दर वर्षी ठरलेलंच असतं.

त्या क्षणी मी काय म्हणायला हवं होतं ते मला पाठ आहे. गेली कित्येक वर्षं मी ते आंघोळ करताना, भाजी चिरताना म्हणत असते. तेव्हा मी म्हटलं, ‘‘फारच छान कल्पना आहे, फादर.’’

‘‘मला माहीत होतं तुम्हांला आवडेल,’’ ते म्हणाले. ‘‘वस्तू तुम्हीच आणा. नव्या आणा.’’

जयनगरच्या बाजारात जाऊन मी सगळं आणलं. झाडूसाठी तीन दुकानं फिरले. लांब दांड्याचा खराटा कॉलेजच्या चर्चमध्ये, म्हणजे चॅपलमध्ये, बरा दिसणार नाही म्हणून मी घरात वापरतात तशी केरसुणी घेतली, भरगच्च, सोनेरी, आणि तिच्या मुठीला पिवळी सॅटिनची रिबीन बांधली. रिबिनीची कल्पना माझी. ती मुलगी त्या आठवड्यात मला तीनदा भेटली. ‘‘सांगितलं का, मॅडम?’’ असं तिने विचारलं आणि मी तीनदा म्हणाले, ‘‘बघू या, फादर काय म्हणतात.’’ वस्तूंची तालीम ठेवली नव्हती. मुलांना त्या दिवशीच कळावं, म्हणजे भाव ताजा राहील, असं फादरचं म्हणणं होतं.

सणाच्या सकाळी चॅपल भरून गेलं होतं. पुढच्या रांगेत पाहणीला आलेली तीन माणसं बसली होती. मी मागच्या दारापाशी टेबल मांडून उभी होते आणि टेबलावर सगळ्या वस्तू पांढऱ्या कापडाखाली झाकलेल्या होत्या. ती आली तेव्हा मी ओळखलंच नाही. नवी आकाशी साडी, केसांत अबोलीचा गजरा. तिची आई बरोबर होती. हडकुळी, काळीसावळी बाई, स्वच्छ इस्त्रीची साडी, आणि चपला दाराबाहेर काढून आलेली, जरी तिथे कोणी चपला काढत नसे. आईने त्या दिवशी रजा टाकली होती. तिने मला हात जोडले आणि शेवटच्या बाकाच्या अगदी टोकाला जाऊन बसली.

घंटा वाजली. मी कापड काढलं. मुलं रांगेने पुढे येऊ लागली आणि मी एकेकाच्या हातात वस्तू देत गेले. ताटली आणि सुरई तोपर्यंत त्या दोन मुलींच्या हातांत गेल्या होत्या. त्या मुलीची पाळी आली तेव्हा तिने आधी ती ताटली पाहिली, मग टेबल पाहिलं, मग मला पाहिलं. मी केरसुणी पुढे केली.

तिने हात पुढे केला नाही.

‘‘घे,’’ मी कुजबुजले. मागे रांग थांबली होती. ‘‘अगं, यात कमीपणा कसला? आमच्यात तर लक्ष्मीपूजनाला केरसुणीची पूजा करतात. हळदकुंकू वाहतात. केरसुणी म्हणजे साक्षात लक्ष्मी.’’

हे मी मनापासून बोलले. आमच्या घरी दिवाळीत खरंच नवी केरसुणी आणून पाटावर ठेवतात, आई तिला फूल वाहते, आणि लहानपणी चुकून तिला पाय लागला तर आम्ही नमस्कार करायचो. मला वाटलं, हे ऐकून तिला धीर येईल.

‘‘पूजा झाल्यावर तिने कोण झाडतं, मॅडम?’’ तिने विचारलं.

आमच्याकडे झाडायला बाई येते. समोरून गाण्याचा आवाज चढला, फादर वेदीपाशी हात पसरून उभे होते. तिने माझ्या हातातून केरसुणी घेतली आणि चालू लागली.

इंग्रजीच्या एक प्राध्यापिका माइकवरून एकेका वस्तूची ओळख करून देत होत्या. ती अर्ध्या वाटेवर पोहोचली तेव्हा त्यांनी तिचं नाव घेतलं, कुठल्या वर्गात ते सांगितलं, आणि सांगितलं की हिची आई आपल्या शहराचे रस्ते झाडते. तिच्या वर्गातल्या मुली उजवीकडच्या बाकांवर होत्या. सगळ्यांच्या माना एकदम वळल्या. मग कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मिस्सेत टाळ्या वाजवत नाहीत, पण त्या दिवशी वाजल्या, आणि बराच वेळ वाजल्या. ती शेवटपर्यंत नीट चालली. फादरनी तिच्या हातून केरसुणी घेतली, दोन्ही हातांनी उंच धरली आणि वेदीच्या पायरीशी ठेवली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

आईला इंग्रजी येत नव्हतं. तिला फक्त दिसलं, की सगळं चॅपल टाळ्या वाजवतंय आणि नवी साडी नेसलेली आपली मुलगी हातात झाडू घेऊन त्यांच्यामधून चालली आहे. ती उठली, पदर डोक्यावर घेतला, बाहेर जाऊन चपला घातल्या आणि फाटकाकडे निघाली. मी दारातच होते. माझ्या अंगावरून गेली, पण तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

पाहणीला आलेली माणसं भारावून गेली. मला फेब्रुवारीतच कायम नेमणुकीचं पत्र मिळालं. स्टाफरूममध्ये पेढे वाटले. मुलगी सणाच्या दुसऱ्या दिवसापासून कॉलेजात आली नव्हती.

फादरना काही केल्या कळेना. ‘‘आपण तर तिचा सन्मान केला,’’ ते पुन्हा पुन्हा म्हणायचे. वर्गातल्या मुली तिला काही बोलल्या का, याची त्यांनी चौकशी केली. कोणी काही बोललं नव्हतं. उलट सगळ्या तिच्याशी फार चांगलं वागायचं ठरवून बसल्या होत्या. परीक्षा तोंडावर आली होती. ती बुडाली तर वर्ष जाणार, आणि अशा घरातलं गेलेलं वर्ष परत येत नाही. एके मंगळवारी फादरनी मला सांगितलं, ‘‘तुम्ही जा. ती तुमचं ऐकेल.’’

जे. पी. नगरच्या पलीकडे, तलावाच्या कडेला त्यांची वस्ती होती. आटोवाल्याने मला मुख्य रस्त्यावरच उतरवलं. एक खोली, बाहेर चूल, दारावर खडूने काढलेला क्रूस. आई घरीच होती. तिने मला पाहिलं आणि घाईघाईने घरातली एकुलती एक खुर्ची पदराने पुसली. मुलगी भिंतीला टेकून उभी राहिली. मी आटोत पाठ केलेलं सगळं बोलले. शिक्षणाचं महत्त्व बोलले. समतेबद्दल बोलले. लोक काय म्हणतील याची पर्वा करायची नसते, जन्माने कोणी मोठं नसतं की लहान नसतं, आपण सगळे सारखे, हेही बोलले. लोकां सांगे ब्रह्मज्ञान. माफी मात्र मागितली नाही. कपाटाचं नाव काढलं नाही.

तिने मध्येच विचारलं, ‘‘फादरना कसं कळलं, मॅडम?’’

मी म्हणाले, ‘‘झालं ते झालं.’’

मला वाटलं, आता ही आत निघून जाईल. पण बोलली ती आई. तेलुगू वळणाच्या कानडीत ती मुलीला म्हणाली, ‘‘बघ, मॅडम घरी आल्या. आजवर कोणती टीचर आपल्या घरी आली? शाळेतल्या बाई वह्या लांबून टाकायच्या. या खुर्चीत बसल्या आहेत. चूक झाली असेल, पण माणूस चांगलं आहे. जा तू.’’ आई बराच वेळ बोलत राहिली, आणि मुलगी खाली बघत ऐकत राहिली. शेवटी तिने मान वर केली.

‘‘सरी, ठीक आहे,’’ ती म्हणाली. ‘‘सोमवारी येते.’’

मला इतका आनंद झाला की मी उठून तिचा हात धरला. आईही हसली. मग ती मागच्या बाजूने शेजारी गेली आणि एक कपबशी घेऊन आली. घरात पेले होते, पण माझ्यासाठी तिने कपबशी मागून आणली. ती माझ्यासमोर दोनदा विसळली, तिच्यात चहा ओतला आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला.

माझा हात पुढे गेला नाही. का गेला नाही ते मला तेव्हाही माहीत होतं. कँटीनमध्ये मी त्या मुलीसमोर बसून खात होते, पण ते कँटीनचं होतं. तिच्या घरचं कधी माझ्या तोंडात गेलं नव्हतं. मी हात उचलायचा प्रयत्न केला. तो मांडीवरच राहिला, जणू माझा नव्हताच.

‘‘नको अक्का,’’ मी म्हणाले. ‘‘आज माझा उपवास आहे.’’

‘‘उपवासाला चहा चालत नाही तुमच्यात?’’ आईने विचारलं. तिने साधंच विचारलं, तिच्या आवाजात टोमणा नव्हता. आमच्यात उपवासाला चहा चालतो हे शेंबडं पोरही सांगेल. आमच्या घरी तर लोक दिवसभर चहावरच उपवास काढतात.

‘‘माझा कडक असतो,’’ मी म्हणाले.

आई तशीच कप धरून उभी राहिली. तिला तो कुठे ठेवावा ते सुचेना. मग मुलगी भिंतीपासून पुढे आली, आईच्या हातातून कपबशी घेतली आणि माझ्यासमोर उभं राहून तो चहा प्यायली, सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत. एवढा वेळ ती माझ्याकडे बघत होती. रागाने नव्हे. न सुटणारं गणित शेवटी सुटावं तसं बघत होती.

‘‘मॅडम,’’ ती म्हणाली, ‘‘फादरना सांगा, मी त्यांच्यावर रागावलेली नाही.’’

सोमवारी ती आली नाही. त्यानंतरही आली नाही. मी पुन्हा त्या वस्तीकडे फिरकले नाही.

फादरनी विचारलं तेव्हा ते खिडकीपाशी उभे होते आणि खरोखरच थकलेले दिसत होते. मी म्हणाले, ‘‘मुलगी तयार होती, फादर. आई पाठवत नाही.’’ ते खिडकीपासून टेबलाशी आले. मग म्हणाले, ‘‘या लोकांच्या घरातच बदल व्हायला हवा,’’ आणि समितीच्या अहवालात तसं लिहायला सांगितलं. अहवाल लिहायचं काम माझंच होतं. बाराव्या नावापुढे मी लिहिलं: आईच्या विरोधामुळे शिक्षण सोडलं. खाली सही केली.